मदत हवी आहे: कॅसेट डेकचा चपटा बेल्ट (सांगली)

जुना जपानी कॅसेट डेक घेतलाय. उघडला तर कॅपस्टनचा (टेप एकसारख्या वेगाने ओढणारा दांडा) चपटा बेल्ट वितळून पार डांबर झालेला. पुली, फ्लायव्हील (कॅपस्टनचं जड चाक), हेड, पिंच रोलर (टेप कॅपस्टनवर दाबणारं रबरी चाक) सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. सांगलीत फक्त गोल बेल्ट मिळाला. तो बसला, पण आवाज डुलतो. नाट्यगीतातली लांब तान तर ऐकवत नाही! कॅसेट बदलूनही तेच. रिवाइंड-फॉरवर्ड ठणठणीत आहे. वेगाच्या स्क्रूला हात लावलेला नाही.

जुन्या बेल्टचं माप उरलं नाही. पुली-फ्लायव्हीलभोवती दोरा फिरवला तर 24 सेंटीमीटर भरतो, रुंदी साधारण 5 मिलिमीटर. परदेशातून मागवायचा तर टपालखर्चच बेल्टपेक्षा जास्त.

नवा बेल्ट दोऱ्याच्या मापापेक्षा किती आखूड घ्यायचा? आणि असा चपटा बेल्ट मिरज-कोल्हापूरकडे मिळेल, की मुंबईला इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडलाच जावं लागेल?