चूक ट्रकवाल्याची, हाड आपलं: दुचाकीस्वाराची जबाबदारी किती?

घाटवेडा
दुचाकीच्या अपघाताची बातमी आली की दोन ठरलेले सूर लागतात. पहिला: ही पोरं चालवतातच वेड्यासारखी. दुसरा: रस्त्यांची चाळण झालीय, पोरं काय करणार. मला दोन्ही सूर निरुपयोगी वाटतात. चूक कुणाची हे पंचनाम्यात ठरेल तेव्हा ठरेल. रस्त्यावर मात्र समोरचा चुकणारच आहे असं धरूनच बाईक चालवावी. कारवाल्याभोवती पत्रा असतो, एअरबॅग असते. आपल्याभोवती जीन्स आणि टी-शर्ट.

केंद्राच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. डोक्यावर हेल्मेट नव्हतं अशी ५०,०२९. ताशी ६० ने जाताना समोर काही आडवं आलं, ते ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला तरी गाडी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. वेग दुप्पट केलात की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. हे गणित ना पालिका बदलू शकत, ना पोलीस. वेग आवरणं, अंतर ठेवणं, हेल्मेटचा पट्टा लावणं, वळणाऱ्या ट्रकच्या डावीकडून न घुसणं, हे सगळं माझ्या हातात आहे. मग माझ्या जिवाची जबाबदारी माझी, हे म्हणायला जड का जातं?

सिंहगडरोडकर
जड जातं, कारण असल्या उपदेशाचा शेवट नेहमी चौकात झाडाआड उभं राहून चलन फाडण्यात होतो. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीचा बडगा उगारला, विरोधात लोक रस्त्यावर आले, आणि अख्ख्या महाराष्ट्राने पुणेकरांची टर उडवली. खुशाल उडवा. पेठेतल्या गर्दीत २० च्या वेगाने जाणाऱ्याला तुम्ही अडवता, पण पुण्यातल्याच नवले पुलाच्या उतारावर अवजड गाड्या बेफाम सुटतात त्याचं काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच वेळी कितीतरी गाड्या ठोकरल्या गेल्या. त्यात कुठल्या बाईकवाल्याने किती अंतर ठेवायला हवं होतं, जरा सांगता?

खड्ड्यांत जीव गेला तर वारसांना ६ लाख द्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. खड्डा ही पालिकेची जबाबदारी आहे, हे कोर्टाला पटतं, तुम्हाला नाही.

घाटवेडा
पटतं की. फक्त ते ६ लाख वारसांना मिळतात.

कलम_१६६
दोघंही दोन वेगळे हिशेब एकाच वहीत मांडताय. जीव वाचवणं एक, दोष ठरवणं दुसरं. अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात हाच घोळ रोज होतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात निकाल दिला. बाईकवर तिघं होते, मागून कारने ठोकरलं. तिघं बसले म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने भरपाईतून १० टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तिघांनी बसणं हा नियमभंग खराच, पण त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय त्याला सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे अपघातात जखमीचाही वाटा, म्हणता येणार नाही. म्हणजे नियम मोडणारा प्रत्येक जण आपोआप अपघाताचा दोषी ठरत नाही. विमा कंपनीचे वकील मात्र हेल्मेट नव्हतं हे पहिल्या तारखेपासून लावून धरतात, आणि मार डोक्यालाच लागला असेल तर तो मुद्दा झटकून टाकता येत नाही.

आता जबाबदारीवर हिरिरीने बोलणाऱ्यांना विचारते: स्वतःहून घसरून पडलात, समोर कुणीच नाही, तर थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठी काढलेल्या विम्यातून, तुम्हाला एक पैसा मिळत नाही, हे ठाऊक आहे का? त्यासाठी मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. ते मालकालाच लागू होतं, तेही लायसन्स वैध असेल तर. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, अशी घरं मोजायला बसलात तर दमाल.

निळी_अ‍ॅक्टिवा
मागे बसणारीचा विषय अजून कुणी काढला नाही, म्हणून मी काढते. मोटार वाहन कायद्यातलं हेल्मेटचं कलम १२९ मागच्यालाही लागू आहे, आणि चार वर्षांपुढच्या मुलालाही. घाटवेडांनी दिलेल्या ५० हजारांत १४ हजारांवर मागे बसलेले होते. घरात हेल्मेट एक, ते चालवणाऱ्याचं. ती साडीत एका बाजूला पाय टाकून बसलेली, मांडीवर पोर, त्यात पिशवी. वेग, अंतर, ब्रेक, यातलं तिच्या हातात काय आहे? "जरा हळू" म्हणाली तर "तू गप बस" ऐकायचं. म्हणून ते "माझा जीव, माझी जबाबदारी" मला फार पुरुषी वाटतं. हँडल ज्याच्या हातात, त्याच्याकडे दोन-तीन जिवांची जबाबदारी असते, आणि त्याने स्वतःपुरता केलेला धाडसी विचार बाकीच्यांना भोगावा लागतो.

पार्सलवाला
मी पोटासाठी दिवसभर गाडीवर असतो. आयएसआय मार्कचं फुल फेस स्वतःच्या पैशाने घेतलंय. मे महिन्यात आत डोकं शिजतं तरी काढत नाही. जून २०२१ पासून त्या मार्काशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे, पण पुलाखाली टोप्यांचे ढीग लागलेलेच असतात. त्या पोलिसासाठी घेतात, डोक्यासाठी नाही. बाकी सावकाश जा सांगणाऱ्यांना एकच सांगणं: दहा मिनिटं उशीर झाला की फोन तुमचाच येतो. वैयक्तिक जबाबदारी मी पाळतो, रेटिंग तुम्ही पाडता.

सिंहगडरोडकर
पार्सलवाला, तुम्हाला सलाम. पण हेल्मेट घातल्यावर आपण सुरक्षित आहोत असं वाटून लोक जास्त जोरात चालवतात, मानेवर भार येतो, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, यावरही कुणीतरी बोला.

हाडवैद्य
बोलतो. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ मध्ये निघाला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात आढळलं. मानेबद्दल ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्यात नव्हता, म्हणून मान मोडते हे छातीठोकपणे सांगू नका. आणि हॉर्न सगळ्यांचेच इतके कर्कश आहेत की न ऐकू येण्याची सोय झाली तर मी आनंदाने घेईन.

मात्र घाटवेडांच्या बाजूनेही अतिशयोक्ती नको. हेल्मेट डोकं वाचवतं. नडगी, मांडी, ओटीपोट वाचवत नाही, आणि माझ्या टेबलावर येतात ते हे. पट्टा न लावलेलं हेल्मेट रस्त्याला डोकं लागण्याआधीच लांब उडालेलं असतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतला थर्मोकोल दबलेला असतो, तो परत पूर्ववत होत नाही. ते भावाला किंवा भाच्याला "वापर रे" म्हणून देऊ नका.

घाटवेडा
निळी_अ‍ॅक्टिवा, तुमचा मुद्दा माझ्या विरोधात जातो असं मला वाटत नाही, उलट तो मला धरूनच आहे. चालवणाऱ्याने समोरचा चुकेल असं धरून चालवलं तर मागचेही वाचतात.

निळी_अ‍ॅक्टिवा
आणि नाही चालवलं तर? तिने उतरून चालत जायचं? चलनाचा धाक असेल तर निदान दुसरं हेल्मेट तरी घरात येईल. सक्ती मला त्यासाठी हवी आहे.

सिंहगडरोडकर
सक्ती करा, पण उतारावरच्या ट्रकपासून सुरुवात करा. एवढंच माझं मागणं आहे, आणि ते मी सोडणार नाही.

कोथिंबीर_जुडी
वाद चालू द्या. मी आत्ता पॉलिसी काढून पाहिली. गाडी वडिलांच्या नावावर, रोज चालवतो मी. कलम_१६६ ताई, आता काय करू?

कलम_१६६
स्वतःच्या नावावर वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्या, गाडीच्या पॉलिसीशी न जोडलेला. अर्जात दुचाकी रोज चालवता हे स्पष्ट लिहा. आणि लायसन्सवरची तारीख बघून ठेवा.