इटलीतील मराठा पलटणींची रणभूमी आणि युद्धस्मारके : चुलत आजोबांचे नाव कोठे शोधावे?

प्रश्न – कोयनाकाठ

नमस्कार. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत शिपाई होते आणि जुलै 1944 मध्ये इटलीत कामी आले. घरी पत्र्याच्या पेटीत त्यांच्या मृत्यूची तार आहे, तिच्यावर नाव आणि सैनिक क्रमांक एवढेच वाचता येते. ‘त्यांना तिकडेच पुरले’ असे पणजी सांगत असे, आणि हिंदू माणसाला पुरले याची खंत तिला शेवटपर्यंत होती. येत्या ऑक्टोबरमध्ये मी व वडील आठ दिवसांसाठी इटलीला जात आहोत. त्यांची समाधी शोधायची कशी, आणि कासिनो, सांग्रो, फोर्ली ही युद्धस्मारकांची सर्व ठिकाणे एवढ्या दिवसांत होतील का? समाधीवर वाहण्यासाठी पाटणची थोडी माती नेण्याचा वडिलांचा विचार आहे.

उत्तर – घाटमाथा

मी 2 वर्षांपूर्वी अशाच कामासाठी गेलो होतो, त्यामुळे आधी एक गोष्ट सुचवतो: समाधी शोधू नका, नाव शोधा. इटलीत पडलेल्या अनेक हिंदू व शीख सैनिकांना अग्नी दिला गेला आणि त्यांची नावे दहनस्मारकांवर कोरली गेली. ज्यांचा देह सापडला नाही किंवा ओळखता आला नाही, त्यांची नावे कासिनोच्या स्मारकावर आहेत. पणजींना जे कळवले गेले किंवा त्यांनी जे समजून घेतले, ते बहुधा अपुरे होते.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात पडलेल्यांच्या समाध्या व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर निघण्यापूर्वीच शोध घ्या, आणि तो नावाऐवजी सैनिक क्रमांकाने घ्या, कारण आपली नावे इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी लिहिली गेली आहेत. मी ज्यांना शोधत होतो त्यांच्या आडनावाची 4 स्पेलिंगे करून पाहिली, पाचव्या वेळी क्रमांक टाकला आणि नोंद तत्काळ निघाली. मराठा हा शब्दही तेथे ‘महरट्टा’ असा आहे. नोंदीत वडिलांचे नाव व गाव असेल तर जिल्हाही जुना असेल, उदाहरणार्थ रायगड नव्हे, कुलाबा.

स्मारकाचे नाव मिळाले की फलकाचा क्रमांकही टिपून ठेवा. फलकावर आधी रेजिमेंट, मग हुद्दा आणि त्यानंतर वर्णक्रम असतो. मी हे विसरून अर्धा तास नाइकांच्या यादीत एका शिपायाचे नाव पाहत उभा होतो.

उत्तर – निवृत्त सुभेदार

आपले चुलत आजोबा ज्या पलटणीत होते, त्याच ‘तीन-पाच मराठा’चे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी वरच्या टायबर खोऱ्यात पडले. त्यांच्या सेक्शनवर (छोट्या तुकडीवर) अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून बाकी सर्व जण ठार वा जखमी झाले. ते एकटेच त्या मोर्चावर धावून गेले, हातबॉम्बने गन व गनर निकामी केला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलण्यास वेळ नसल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना तेथेच टिपले. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले, परंतु त्यांचीही समाधी नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. माणगावच्या तहसील कचेरीत त्यांचा पुतळा आहे. तो पाहून मग इटलीतील मोन्तोनेला जावे, असे मी म्हणेन.

पेरुजा प्रांतातील टेकडीवरच्या या छोट्या गावाने जुलै 2023 मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभारले. ‘सर्व जण एकाच सूर्याखाली’ या अर्थाचे लॅटिन वचन त्याला दिले आहे. सैनिकी थाटाचे काहीही नाही, आणि मला ते त्यामुळेच आवडले. आपल्या तारेवरील तारीख 10 जुलैच्या आसपासची असेल, तर ते खोरे आपण पाहायलाच हवे. पलटणीच्या नोंदींसाठी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला मात्र निघण्याच्या बऱ्याच आधी लिहावे.

उत्तर – घाटमाथा

सुभेदारसाहेबांच्या म्हणण्याला जोडून सांगतो की आठ दिवसांत सर्व ठिकाणे करू नका. सांग्रोचे दहनस्मारक एड्रियाटिक किनाऱ्यावर आहे आणि त्या नदीवरची लढाई 1943 च्या नोव्हेंबरमधली, म्हणजे आपल्या तारखेशी तिचा संबंध नाही. फोर्लीच्या भारतीय सेनेच्या दफनभूमीत 496 समाध्या आहेत आणि तेथील दहनस्मारकावर साडेसातशेहून अधिक नावे आहेत. परंतु ती मुख्यतः पुढच्या हिवाळ्याच्या आणि 1945 च्या वसंतातील लढायांची. सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो याच भागात. जुलै 1944 साठी अरेझोची दफनभूमी, तेथील भारतीय दहनस्मारक, मोन्तोने आणि परतताना कासिनो एवढे पुरे. पेरुजाहून मोटार भाड्याने घेतल्यास सोयीचे पडेल, त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना येथूनच काढून न्या.

मातीचा विचार सोडा, कारण युरोपीय संघात बाहेरची माती नेण्यास बंदी आहे. मी नावाखाली फुले ठेवली आणि भेट देणाऱ्यांसाठीच्या वहीत मराठीत चार ओळी लिहिल्या. ही वही प्रवेशद्वाराजवळ धातूच्या पेटीत, नोंदपुस्तकाशेजारी असते. फोटो सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढा, दुपारी पांढऱ्या दगडावरची अक्षरे उन्हात विरून जातात.

उत्तर – कोयनाकाठ

आपल्या सूचनेप्रमाणे क्रमांक टाकून पाहिला. नोंद निघाली: कासिनो स्मारक, 12 जुलै 1944. वडिलांना सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न ‘म्हणजे पुरले नाही ना?’ हाच विचारला. देह मिळालाच नाही, हे त्यांना अजून सांगितलेले नाही. प्रवासाचा आराखडा आपण सांगितला तसाच करतो आहे. बेळगावचे पत्र उद्या टाकतो.