ऑनलाइन झालं म्हणजे हेलपाटे संपले?

सरकारी सेवा ऑनलाइन आल्या की हेलपाटे आपोआप संपतात, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. कागदी फॉर्मची पीडीएफ करून संकेतस्थळावर टाकली, तर रांग फक्त खिडकीवरून स्क्रीनवर येते. एखाद्या खात्यानेच दिलेला दाखला स्कॅन करून त्याच खात्याला पुन्हा द्यायचा, याची मला खरोखर चीड येते.

एस्टोनियाने 2001 मध्ये एक्स-रोड ही खात्यांमध्ये माहितीची देवाणघेवाण करणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा खरा बदल पडद्याआड झाला. सगळी माहिती एका जागी गोळा न करता खात्यांचे डेटाबेस सुरक्षितपणे एकमेकांना जोडले गेले. त्यामुळे एकदा दिलेली माहिती सरकारने पुन्हा मागू नये, हे तत्त्व पाळणं शक्य झालं. शिवाय आपली माहिती कोणत्या खात्याने पाहिली, हे नागरिकाला बऱ्याच नोंदींबाबत तपासता येतं. मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या ‘रोबोडेट’चं, म्हणजे सरकारी भत्त्यांच्या स्वयंचलित वसुली योजनेचं. वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढून भत्ता घेणाऱ्यांवर थकबाकी लावली गेली, आणि ती चुकीची आहे हे सिद्ध करायचा भारही त्यांच्यावरच! काम हंगामी असेल तर अशी सरासरी चुकणारच. 2023 मध्ये रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, ही योजना अन्याय्य आणि बेकायदा ठरवली.

म्हणून अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळावं, आणि तो निर्णय बदलण्याचा अधिकार असलेला माणूस गाठता यावा, असा माझा आग्रह आहे. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी खिडकीही उघडीच राहिली पाहिजे.