मांडवा ते दाभोळ सायकलने: मार्ग आणि परतीबद्दल मदत हवी आहे

डिसेंबरात मी आणि माझी मैत्रीण सायकलवर कोकण किनाऱ्याने जायचं म्हणतोय. दोघी ठाण्याच्या, वय पन्नाशीच्या आसपास. गिअरच्या हायब्रिड सायकली, मागे कॅरिअरवर सामान. अंतर कापायची घाई नाही, जुनी गावं बघत जायचंय.

ढोबळ आखणी अशी: भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा. पुढे अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई, मुरूड. आगरदांडा-दिघी जेटी. मग दिवेआगर, आरावी-शेखाडीच्या किनाऱ्याने श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून तरीने वेसवी, तिथून केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. जंजिरा दोघींचाही पाहून झालाय, त्यामुळे तो वेळ रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटाला आणि कोर्लईला द्यायचा विचार आहे. कोर्लईत पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली अजून घराघरात बोलतात, ती कानावर पडली तर फारच छान.

अडलंय ते इथे:

१. वेसवीहून केळशीला देव्हारे-मांदिवली करून जायचं की आणखी सोपा रस्ता आहे? नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, पण चढ किती हे कळत नाही.

२. परत कसं यायचं? एसटीच्या टपावर सायकल टाकायचे दिवस गेले, नव्या गाड्यांना टपावर कॅरिअरच नसतो. दाभोळहून दापोली चढून खेड स्टेशन गाठायचं का?

३. केळशीत दोन बायकांना घरगुती राहण्याची सोय सहज मिळेल ना?

सडेफटिंग: उत्तरेकडून दक्षिणेला जाताय हे बरं. हिवाळ्यात दुपारनंतर वारा वायव्येचा असतो, पाठीशी राहील. इथला रस्ता खाडीपाशी उतरतो, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर चढतो, पुन्हा पुढच्या खाडीला उतरतो; म्हणून अंतर मोजू नका, खाड्या मोजा. देव्हारे-मांदिवलीच धरा. चढ आहेत, लाज न बाळगता ढकला. केळशीहून पुढे उटंबरचा डोंगर एकदा पार झाला की आडे, पाडले, आंजर्ले हा तुकडा समुद्राला लागून. माझ्या मते शेखाडीपेक्षा सरस, पण श्रीवर्धनकर भांडतील. केळशीत महालक्ष्मीचं देऊळ, याकुबबाबांचा दर्गा आणि पाखाड्या (जांभ्या दगडाच्या पायवाटा) बघायला अर्धा दिवस हाताशी ठेवा. घरगुती सोय मिळते, मात्र जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगा.

परशुरामचा घाट: दाभोळहून दापोली अजिबात चढू नका. फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला उतरा, गुहागरला मुक्काम करा आणि सकाळी चिपळूण गाठा, पंचेचाळीसेक किलोमीटर. तिथून रेल्वे. चाकं काढून सायकल पिशवीत भरलीत तर सोपं जातं, नाहीतर पार्सलचं काय ते आधीच स्टेशनात विचारा. आणि दाभोळला जेटीजवळची आदिलशाही काळातली मशीद बघितल्याशिवाय बोटीत चढू नका.

धागाकर्ती: दोघांचेही आभार! गुहागर आमच्या डोक्यातच नव्हतं. आता एकच: चिपळूणच्या वाटेवर ट्रक फार असतात का? असतील तर गुहागरहून पहाटे किती वाजता निघावं?