चार झेब्रा डॅनिओ, त्यातला एक दांडगा, आणि वर नागपूरचा उन्हाळा

कळी (नागपूर)
दीड फुटी टाकी आहे, साधारण ४० लिटर. स्पंज फिल्टर, एअर पंप, बोअरचं पाणी. दिवाळीच्या सुमारास चार झेब्रा डॅनिओ मासे आणले. खातात छान, रंगही छान. पण त्यातला एक बारीक, सोनेरी झाक असलेला, बाकीच्या तिघांना दिवसभर पळवतो. एक बिचारी फिल्टरच्या मागेच बसून असते, दाणे टाकले तरच बाहेर येते. दुकानदार म्हणतात, दांडग्याला वेगळं काढा. वेगळं काढायला माझ्याकडे फक्त काचेची बरणी आहे. आणि आता एप्रिल तोंडावर आलाय. दुपारी कूलर बंद असला की आमची खोली फार तापते. पाणी थंड करणारा चिलर परवडणार नाही. काय करू?

गोडंपाणी (वर्धा)
कळीताई, बरणीत काढू नका त्याला. तुम्ही सांगताय त्यावरून तो नर आहे. नर सडपातळ, पट्ट्यांमध्ये सोनेरी; मादी पोटाला फुगीर आणि रुपेरी. डॅनिओंमध्ये वरचा कोण, खालचा कोण हे पाठलाग करूनच ठरतं. दहाजण असले की तो पाठलाग सगळ्यांत वाटला जातो. चौघांत सगळा जोर सर्वात दुबळ्या माशावर येतो. याला काढलंत तर उरलेल्या तिघांतला दुसरा कुणीतरी तेच सुरू करेल आणि बरणीतला एकटा भेदरून राहील. उजाडल्यावर नर माद्यांच्या मागे तळापर्यंत जात असेल, तर ती मात्र अंड्यांसाठीची धावपळ असते, तिची काळजी करू नका.

हा मासा थव्याचाच आहे. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने त्याचं पहिलं वर्णन केलं ते कोसी नदीतल्या माशांवरून. संथ ओढे, भातखाचरं, त्यांच्या कडेचे चर ही त्याची घरं. तिथल्या उथळ पाण्यात वरून बगळा, खंड्या आणि खालून मरळ. थवा सुटला की जीव धोक्यात, म्हणून चारच मासे असले की ते सतत दबकून किंवा चिडून असतात. लोक या माशाला ‘कणखर’ म्हणून दोन-तीन विकत घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो मरत नाही म्हणून त्याचं बरं चाललंय असं नव्हे.

म्हणून आणखी चार आणा, शक्यतो माद्या. पण आणण्याआधी अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात येणारं विष, तपासायचं थेंबांचं किट घ्या. बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं आणि पीएच व तापमान जितकं जास्त, तितका तोच अमोनिया माशाला अधिक विषारी. रीडिंग शून्य असेल तरच पुढे जा. दोन आणा, फिल्टरमधल्या जिवाणूंना वाढीव घाण पचवायला पंधरा दिवस द्या, पुन्हा तपासा, मग उरलेले दोन. स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात पिळा. नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्यापासून तयार करावी लागते.

पुढे जमलं तर दोन फुटी टाकी घ्या. २४ × १२ × १२ इंचांच्या टाकीत भरून साधारण ५५ लिटर पाणी बसतं, पण खरा फायदा लांबीचा. डॅनिओ लांबीत सुसाट पोहतो, उंचीचा त्याला फारसा उपयोग नाही. तुमचा आत्ताचाच स्पंज नव्या टाकीत लावा.

आता ऊन. प्रयोगशाळांमध्ये हाच मासा २८.५ अंशांवर ठेवतात, त्यामुळे २८-२९ ला घाबरू नका. ३२ च्या पुढे गेलं की लक्ष हवं. धोका नुसत्या उष्णतेचा नाही, हवेचाही आहे: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसात. म्हणून एअर पंप दिवसरात्र चालू, दाणे कमी, आणि टाकी खिडकीपासून लांब. टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असा लावा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. त्यासाठी झाकण काढावं लागेल, पण डॅनिओ उड्या मारतो, तेव्हा वर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा. हे विसरू नका.

चिपळूणकर
मध्येच विचारतो. आमच्याकडे मे महिन्यात हाच फॅनचा उपाय केला, फरक जवळजवळ पडला नाही. असं का?

गोडंपाणी (वर्धा)
दमट हवेत पाण्याची वाफ कमी होते, आणि गारवा वाफेमुळेच येतो. तुम्ही गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली सोडा, पण लहान. तापमान तासाला एखाद्या अंशापेक्षा जास्त पडू देऊ नका. कळीताई, तुमच्या घरात कूलर चालू असताना फॅनचा परिणाम कमी होईल, कारण कूलरही हवा दमट करतो. पण तेव्हा खोलीच गार असते. कूलर बंद कराल तेव्हा फॅन लावा.

कळी (नागपूर)
समजलं. बरणी परत फडताळात ठेवली. वाफ होऊन कमी झालेलं पाणी बोअरचंच भरलं तर चालेल ना?

गोडंपाणी (वर्धा)
सारखं नको. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. वरून बोअरचं भरत गेलात तर पाणी जड होत जाईल. कमी झालेलं पाणी आरओच्या शुद्ध पाण्याने भरा. दर आठवड्याला पाव टाकी बदलता ते मात्र बोअरचंच ठेवा, त्याची त्यांना सवय आहे.

आणखी एक, उन्हाळ्यात डास वाढतात म्हणून आत्ताच सांगतो. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. डास पळवणाऱ्या लिक्विडमध्ये आणि कॉइलमध्ये पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं असतात, ती माशांना अतिशय विषारी. टाकीच्या खोलीत ते लावू नका. पेस्ट कंट्रोलवाले येणार असतील तर टाकी प्लास्टिकने झाका आणि पंप दुसऱ्या खोलीत ठेवून नळी लांब आणा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर आधी अर्धं पाणी बदला, मग इथे लिहा. बदलायचं पाणी महापालिकेच्या नळाचं असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब घालूनच.