मीटिंगमध्ये सगळ्यांचे हात वर, बाहेर स्कूटरपाशी सगळ्यांची कुरकुर. असं का होतं?

वहीवाला, फोंडा

आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीचा मी सेक्रेटरी. काम एवढंच, वही लिहायची आणि हात मोजायचे. बाकीचे अध्यक्षांकडे बघत असतात, मी लोकांकडे, त्यामुळे हा प्रकार मला अगदी समोरून दिसतो.

यंदाचा ठराव असा: घरामागे वर्गणी एक हजाराची अडीच हजार करायची, बाहेरून ऑर्केस्ट्रा आणायचा आणि घुमट आरतीची (घुमट म्हणजे आमचं चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) स्पर्धा बंद. मीटिंगच्या आधी मी जिथे जाईन तिथे एकच ऐकत होतो. भाजी-पावच्या गाड्यावर, देवळाच्या पायऱ्यांवर, सकाळी पोदेराची (पाववाल्याची) वाट बघणाऱ्या बायकांत. ‘एवढे पैसे कशाला? आणि घुमटाशिवाय चवथ ती कसली?’ मी धरून चाललो होतो की ठराव आपटणार.

अध्यक्षांनी विचारलं, ‘मंजूर ना?’ पुढच्या रांगेतले तीन-चार हात लगेच वर. (कुणाचे ते विचारू नका, गाव लहान आहे.) मग मधली रांग. तिथे हात सरळ वर जात नाही. आधी मान बाजूला वळते, मग कोपर गुडघ्यावरून सुटतं, हात कानापर्यंत येऊन थांबतो, पुन्हा एकदा शेजारी नजर, आणि मग वर. एक काका तर कानापाशी आलेल्या हाताने डोकं खाजवायला लागले, म्हणजे वेळ आलीच तर खाज सुटली होती म्हणता यावं. शेवटी खांबाला टेकलेले मागचेसुद्धा. ‘विरुद्ध कोण?’ कुणी नाही. मी वहीत ‘सर्वानुमते’ लिहिलं.

आणि स्कूटरपाशी तेच काका मला विचारतात, ‘अरे, अडीच हजार म्हणजे जरा जास्तच केले नाहीत का त्यांनी?’ त्यांनी!

भित्री माणसं म्हणून सोडून देता आलं असतं, पण यातले दोघं-तिघं असे आहेत की पंचायतीच्या पंचाला भर रस्त्यात थांबवून चार गोष्टी सुनावतात. मानसशास्त्र शिकलेलं कुणी आहे का इथे? कारण कळलं तर बरंच, पण पुढच्या मीटिंगला काय बदलू ते मुख्य सांगा.

फळा-खडू, म्हापसा

कॉलेजात हाच विषय शिकवते. तुमची पुढची रांग वाचून सॉलोमन अ‍ॅश आठवला. १९५० च्या सुमाराचे अमेरिकेतले प्रयोग. एक रेघ दाखवायची, शेजारी तीन रेघा, आणि तिच्याएवढी कुठली ते सगळ्यांदेखत सांगायचं. उत्तर डोळ्यांना सरळ दिसतं. पण गटात खरा माणूस एकच, बाकीचे पढवून आणलेले. १८ पैकी १२ फेऱ्यांत ते ठरवून एकच चुकीचं उत्तर देत. त्या फेऱ्यांत खऱ्या माणसांची साधारण ३७ टक्के उत्तरं गटाच्या मागे गेली. चारांतले तीन जण निदान एकदा तरी घसरले.

बरेच लोक इथेच थांबतात आणि ‘माणूस म्हणजे मेंढरू’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. चारांतला एक जण बाराही वेळा ढळला नाही, हेही त्याच कागदावर आहे. आणि तुमच्या कामाचा भाग वेगळाच आहे. समोर चुकीचं बोलणारा एकच असला तर जवळजवळ कुणी बधत नाही. दोन असले तर थोडे बधतात. तीन झाले की प्रमाण ३२ टक्क्यांपर्यंत चढतं आणि मग कितीही माणसं वाढवा, फारसा फरक पडत नाही. म्हणजे पहिले तीन हात तुमच्या ठरावाला पुरले! उलट बाजूने, एकच माणूस खरं बोलणारा भेटला तर ही घसरण पावपट राहते. आणि उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायचं असलं की माणूस बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतं तेच लिहितो.

काकांचं प्रकरण आणखी निराळं. फ्लॉइड ऑलपोर्ट आणि डॅनियल कॅट्झ यांनी १९३१ मध्ये याला नाव दिलं. मराठीत आपण ‘सामूहिक गैरसमज’ म्हणू. प्रत्येकाला मनातून नको असतं, पण बाकीच्यांना हवंय असं प्रत्येकाला वाटतं. कारण दुसऱ्याच्या मनातलं कळायला त्याच्याकडे त्याचा वर गेलेला हात सोडून काहीच नसतं.

काजूबाग, सत्तरी

बाईंचं शास्त्र छान, पण इथे बसत नाही. सगळे आधीच एकमेकांना सांगत होते ना? मग गैरसमज कसला? सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

मी सांगतो. पुढच्या रांगेत बसणाऱ्यांपैकी एकाकडून घर दुरुस्तीच्या परवान्याला शब्द हवा असतो, दुसऱ्याच्या ओळखीने पोराला कामाला लावायचं असतं, तिसऱ्याच्या जागेतून आपली वाट जाते. पंधराशे जादा देऊन हे सगळं सांभाळलं जातं, स्वस्तात पडलं. काका दबले नाहीत, त्यांनी हिशोब केला. रेघा मोजणाऱ्या अमेरिकन पोरांना त्या गटाबरोबर उद्या एकाच वाड्यावर राहायचं नव्हतं.

वहीवाला, फोंडा

काजूबाग, वाटेचा मुद्दा सोळा आणे. (आमच्याकडे आहे तसं एक घर, पुढे बोलत नाही.) पण ‘सगळ्यांना ठाऊक होतं’ हे तितकंसं खरं नाही. गाड्यावर ठरावीक चार पुरुष, पोदेरापाशी त्यांच्या बायका, पायऱ्यांवर पेन्शनवाले. ते आपापल्या चौघांचं ऐकतात आणि घरी जातात. तिन्ही ठिकाणी फिरणारा मी एकटा, आणि मीटिंगमध्ये सेक्रेटरीने मत द्यायचं नसतं अशी आमची पद्धत.

रात्रपाळी

नर्स आहे, म्हणून थोडं. १९६६ मध्ये हॉफलिंग नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत एक प्रयोग छापला. अनोळखी डॉक्टर वॉर्डात फोन करतो आणि एक औषध २० मिलिग्रॅम द्यायला सांगतो. बाटलीवर स्पष्ट छापलेलं, दिवसाला जास्तीत जास्त १०. २२ नर्सेसपैकी २१ जणी द्यायला निघाल्या. (औषध खोटं होतं, वाटेतच अडवलं.) आमच्या ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा सगळ्या वर्गाची मान खाली.

पण १९७७ मध्ये दुसऱ्यांनी तेच करून बघितलं, फक्त औषध ओळखीचं ठेवलं आणि नर्सेसना आपसात बोलायला मोकळीक दिली. तेव्हा १८ पैकी दोघीच द्यायला तयार झाल्या. मिलग्रॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या शॉकच्या प्रयोगातही तसंच. समोरच्याचं उत्तर चुकलं की त्याला वाढत्या व्होल्टचा विजेचा शॉक द्यायला सांगायचे (शॉक खोटे, पण देणाऱ्याला ते ठाऊक नसे). ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले हे सगळ्यांना पाठ असतं, पण शेजारचे दोघे सहकारी उठून ‘आम्ही नाही करणार’ म्हणाले तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी चारच राहिले.

तेव्हा वहीवाले दादा, ‘मंजूर ना?’ हा प्रश्नच बंद करा. त्याच्यात उत्तर आधीच घातलेलं आहे. ठराव वाचून झाला की दहा मिनिटं चहा द्या, लोकांना उठून फिरू दे, गाड्यावरचे आणि पायऱ्यांवरचे एकमेकांत मिसळू दे. मत त्यानंतर.

फळा-खडू, म्हापसा

चहा उत्तम. त्यावर चिठ्ठ्या. काजूबाग म्हणतात तो हिशोबही चिठ्ठीत उरत नाही, कारण कुणी काय लिहिलं ते पुढच्या रांगेला कळतच नाही.

काजूबाग, सत्तरी

बाई, तुम्ही शहरातल्या. गावात अक्षरावरून माणूस ओळखतात, आणि पेन्शनवाल्यांचं शाईचं पेन तर लांबूनच. लिहायला लावायचंच नाही. ‘होय’ आणि ‘नाही’ छापून आणा, फुलीसाठी सगळ्यांना एकाच रंगाचं बॉलपेन. आणि डबा अध्यक्षांच्या टेबलावर ठेवू नका, दाराकडे ठेवा.

वहीवाला, फोंडा

छापायला टाकतो. बॉलपेनांचा खर्च वर्गणीतूनच जाणार, त्याला मात्र आधी ठराव लागेल.