‘गेमप्ले म्हणजे दोन कटसीनमधली भरती’ : द लास्ट ऑफ अस, मालिका आणि एक न पटलेलं विधान

रानवाट

काल ‘द लास्ट ऑफ अस’च्या चर्चेत एकाने ठोकून दिलं की एचबीओची मालिका पाहिली की गेम खेळायची गरजच उरत नाही, कारण गोष्ट सगळी कटसीनमध्ये (म्हणजे फक्त बघायच्या, न खेळायच्या प्रसंगांत) आहे आणि मधलं खेळणं ही निव्वळ भरती. त्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला गप्प बसवेना म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही गेम आणि दोन्ही सीझनचे स्पॉयलर आहेत. न खेळलेल्यांसाठी एवढंच: बुरशीच्या साथीने जग कोसळलंय, आणि जोएल नावाचा माणूस लागण न होणाऱ्या एली या मुलीला घेऊन प्रवास करतो.

सॉल्ट लेक सिटी घ्या. तिथे पोचेपर्यंत एक कृती अंगवळणी पडलेली असते. भिंत आडवी आली की जोएलने तिला पाठ लावायची, हाताची पायरी करायची, कंट्रोलरवरचं ट्रँगल बटण दाबायचं. एली पळत येते, हातावर पाय देऊन वर चढते, शिडी खाली सोडते. हे इतक्यांदा झालेलं असतं की आपण त्याचा विचारही करत नाही. सॉल्ट लेकला जोएल तसाच भिंतीशी उभा राहतो आणि कुणीच येत नाही. वळून पाहावं तर एली बाकावर बसून राहिलेली. तिला पकडून ठेवणाऱ्या डेव्हिडच्या प्रकरणानंतर ही मुलगी आतून मिटली आहे, हे सांगायला संवाद लागत नाही, मोडलेली सवयच ते सांगते. मग ती येते, वर चढते, शिडी उचलते, पलीकडे काहीतरी दिसतं आणि शिडी हातातून टाकून पळत सुटते. जिराफ.

मालिकेच्या नवव्या भागात शिडी आहे आणि जिराफही आहे, तोही कॅलगरीच्या प्राणिसंग्रहालयातला खराखुरा. पण त्याआधीच्या शिड्या नाहीत. त्यामुळे प्रसंग सुंदर दिसतो आणि तिथेच थांबतो.

हॉस्पिटलचंही तेच. गेममध्ये एलीला सोडवायला जोएल शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो, तेव्हा डॉक्टर स्कॅल्पेल घेऊन उभा राहतो आणि गेम थांबून राहतो. तुम्ही त्याला मारल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. मालिकेत जोएल गोळी घालतो आणि आपण बघतो. बघण्यात आणि करण्यात जे अंतर आहे, त्याच्यावर हा अख्खा गेम उभा आहे. त्याला भरती म्हणणारा माणूस हातात कंट्रोलर असताना फोन बघत होता, असंच मी समजेन.

मालिकाकारांनी याला पर्याय शोधायला हवा होता, तो म्हणजे या दोघांना एकत्र घालवायला वेळ देणं. पहिल्या सीझनचे नऊ भाग. त्यातला तिसरा जवळजवळ सगळा बिल-फ्रँक या जोडप्याचा, सातवा एलीच्या मॉलमधल्या आठवणींचा, चौथा-पाचवा कॅथलीन या नव्या पात्रासोबत वाटून घेतलेला. रस्त्यावर चालायला उरलं किती?

अर्धविराम

‘फोन बघत होता’ वगैरे भाषा आवरा. ते विधान माझं नाही, पण त्यात तथ्य आहे.

बिलचं गाव गेममध्ये काय आहे ते आठवा. जोएल फासात अडकून उलटा लटकतो, दुसऱ्या टोकाला वजन म्हणून फ्रिज, एली दोर कापेपर्यंत उलट्या कॅमेऱ्यातून गोळ्या झाडायच्या. मग घरं धुंडाळा, शाळेत शिरा, जिममध्ये ब्लोटर नावाचा धिप्पाड संक्रमित मारा, गाडीची बॅटरी मिळत नाही, दुसरी शोधा. खेळायला झकास, पण पडद्यावर हाच क्रम ठेवला तर तासभर एक माणूस बॅटरी शोधताना दिसेल. फ्रँक तर गेममध्ये फक्त छताला लटकलेलं प्रेत आणि बिलबद्दल तिरस्काराने भरलेली एक चिठ्ठी एवढाच. मालिकेने ते नातंच उलटं फिरवलं, आणि बिल झालेल्या निक ऑफरमनला त्या भागासाठी एमी पुरस्कार मिळाला. गेमपासून सर्वात लांब गेलेला हा भाग लोकांना सर्वात जास्त लक्षात राहिला. मूळ गेमप्ले जपणं ही रूपांतराची कसोटी असती, तर हे झालंच नसतं.

आणि पुनरावृत्ती मालिकेतही आहे. एलीचं ते शाब्दिक कोट्यांचं पुस्तक बघा. गेममध्ये ते ऐच्छिक आहे, बटण दाबलं नाही तर कोट्या ऐकूही येत नाहीत. मालिकेने चौथ्या भागाचा कणाच त्याचा केला. आधी जोएलच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही, आणि भागाच्या शेवटी अंधारात दोघं हसतात. तुमच्या शिडीचं काम तिथे कोट्यांनी केलंय.

गोगलगाय

दोघंही चेहऱ्यांवर आणि नात्यांवर बोलताय. मालिकेने खरी मोडतोड केली ती जगाच्या नियमांची. बुरशीचे हवेत तरंगणारे बीजाणू (स्पोअर्स) काढून टाकले, ही पहिल्या सीझनची सर्वात मोठी चूक.

बीजाणू म्हणजे नुसती सजावट नव्हती. बंद, ओलसर, अंधाऱ्या जागेत शिरलं की हवेत कण दिसतात, जोएल आपोआप मास्क चढवतो, श्वासाचा आवाज बदलतो. बॉस्टनमध्ये सुरुवातीलाच ढिगाऱ्याखाली एक माणूस अडकलेला सापडतो. त्याचा मास्क फुटलाय, तो गोळी घाला म्हणून विनवतो. घालायची की तसंच पुढे जायचं, हे खेळणाऱ्यावर. एवढ्या एका प्रसंगात रोग कसा पसरतो, किती वेळ मिळतो आणि या जगात दया कशाला म्हणतात, हे सगळं कळतं. आणि एली मास्कशिवाय श्वास घेते. तिची प्रतिकारशक्ती प्रत्येक तळघरात डोळ्यांसमोर असते. मालिकेत ती हातावरच्या एका व्रणापुरती उरली.

बदल्यात दिलं काय, तर जमिनीखालून जोडलेले बुरशीचे तंतू. दुसऱ्या भागात जोएलची साथीदार टेस बजावते की इथे बुरशीच्या एखाद्या चकत्यावर पाय पडला तर लांबचे संक्रमित जागे होतील. छान. मग पुढचे सात भाग तो नियम गेला कुठे? नियम घातला की पाळावा लागतो.

निवडुंग

@गोगलगाय, मास्कची अडचण चित्रीकरणाची आहे. गेममध्ये कॅमेरा बहुतेक वेळ जोएलच्या पाठीमागे असतो. त्याने मास्क घातला काय, नाही घातला काय, तुमचं काही जात नाही. मालिका चेहऱ्यावर चालते. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कची काच दिव्यांची प्रतिबिंबं पकडते, आतून वाफ धरते, संवाद दबके येतात आणि नंतर स्टुडिओत पुन्हा भरावे लागतात. जोएलच्या भूमिकेत पेद्रो पास्कलला घ्यायचं आणि प्रत्येक थरारक प्रसंगात त्याचं तोंड झाकायचं, हे कुठलाही दिग्दर्शक करणार नाही.

दुसरं म्हणजे तर्क. बीजाणू हवेत तरंगतात. खिडक्या फुटलेल्या इमारतीत ते खोलीच्या उंबरठ्यावर अदबीने थांबत नाहीत. गेममध्ये दार ओलांडलं की मास्क उतरतो, कपड्यांवर काही राहत नाही. खेळताना आपण ते चालवून घेतो कारण तो खेळाचा संकेत आहे. मालिकेत प्रेक्षक पहिल्याच भागात विचारेल की मग अख्खं शहर रोज मास्क घालून का फिरत नाही.

आणि तंतू जीवशास्त्राच्या जास्त जवळ आहेत. मुंग्यांना धरणाऱ्या ऑफिओकॉर्डिसेप्सवर २०१७ साली जे संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात दिसलं की बुरशीच्या पेशी मुंगीच्या स्नायूंभोवती एकमेकींना जोडलेलं जाळं विणतात आणि मेंदूत शिरत नाहीत. जाळ्याची कल्पना आकाशातून पडलेली नाही. ओरेगनमधली आर्मिलारिया बुरशी जमिनीखाली साधारण ९६५ हेक्टरवर पसरलेली आहे.

गोगलगाय

अर्धंच सांगताय. त्याच मुंगीचं पुढे काय होतं? बुरशी तिला झाडावर चढवते, पानाची शीर चावायला लावते, मग डोक्यातून देठ फुटतो आणि खाली बीजाणूंचा सडा पडतो. पसरण्याची मूळ रीत तीच आहे. एवढी उंच जागा शोधायची ती त्यासाठीच. आर्मिलारिया झाडांच्या मुळांवर जगते, तिचा इथे संबंध काय? दोन वेगळ्या बुरश्यांचे सोयीचे तुकडे जोडायचे आणि त्याला विज्ञान म्हणायचं, हे चालणार नाही.

आणि एवढा पक्का तर्क होता, तर दुसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात हॉस्पिटलच्या तळघरात बीजाणू परत का आणले? मजला कायमचा बंद करून टाकतात, आत आपलीच माणसं असताना. ज्या कारणाने काढले, ते कारण तेव्हा कुठे गेलं?

निवडुंग

परत आणले, पण कसे, ते बघा. एकच जागा, बाहेरून बंद केलेली, आणि तिथल्या लोकांनाही नवा असलेला धोका. चेहरे झाकावे लागत नाहीत, कारण आत जाते ती एली. गेममध्ये सर्रास असलेली गोष्ट दुर्मीळ केली म्हणून ती पुन्हा भयंकर वाटली. पहिल्या सीझनमध्ये तंतूंचा नियम दुसऱ्या भागानंतर सोडून दिला, हे मात्र मान्य करावं लागतं. दुसऱ्या सीझनमध्ये जॅक्सन या वस्तीच्या पाइपातले तंतू दाखवले, तेव्हा तो धागा पुन्हा उचलला. उशीर झाला, हे खरं.

गोगलगाय

मान्य केलंत हे बरं झालं. आता एलीच्या मैत्रिणीचा, डीनाचा प्रसंग घ्या. पार्ट टूमध्ये, म्हणजे दुसऱ्या गेममध्ये, सिअॅटलच्या भुयारात एलीचा मास्क फुटतो, डीना घाबरते, आणि एली तिच्यासमोर उघड्या तोंडाने श्वास घेऊन दाखवते. रक्त नाही, आरडाओरडा नाही. मालिकेत एली आपला हात मध्ये घालून संक्रमिताचा चावा अंगावर घेते, मग डीना रात्रभर पिस्तूल रोखून बसते. आधीच पाहिलेला प्रकार पुन्हा.

अर्धविराम

मला उलट मालिकेतलंच जास्त पटलं. चावा तिने डीनासाठी अंगावर घेतला, अपघाताने मास्क फुटला नाही. ती स्वतः निवड करते. आता बीजाणू पुरेत, मूळ प्रश्नावर या.

पाणकावळा

मूळ प्रश्नच चुकीचा मांडलाय. तीच गोष्ट पुन्हा सांगायचीच कशाला? अणुयुद्धानंतरच्या जगातल्या गेमवरून केलेल्या ‘फॉलआउट’ मालिकेने २०२४ मध्ये वाट दाखवली. जग गेमचं, वर्ष २२९६, पात्रं सगळी नवी. गेममध्ये नायक खेळणारा घडवतो, त्यामुळे एकाला खरा ठरवला की बाकी सगळे खोटे ठरतात. म्हणून तीन वाटा केल्या: तळघरातून पहिल्यांदा बाहेर आलेली लूसी, ब्रदरहुड या लष्करी पंथाचा मॅक्सिमस आणि दोनशे वर्षं जगलेला घूल (किरणोत्साराने विद्रूप झालेला माणूस). लूसी पहिल्या भागात आपली कौशल्यं सांगते, दुरुस्ती, विज्ञान, संभाषण. ती सरळ गेमच्या कौशल्ययादीतून उचललेली आहेत, आणि गेम न खेळलेल्याचंही तिथे काही अडत नाही. रूपांतर असं करतात.

पण एनसीआरचं (न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक, गेममधलं राज्य) जे केलं त्याला क्षमा नाही. शेडी सँड्स हे १९९७ च्या पहिल्या गेममधलं पहिलं गाव, २१६१ साली मातीच्या भिंतींची वस्ती. दुसऱ्या गेममध्ये, २२४१ ला, ती राजधानी. शून्यातून राज्य उभं राहिलं, ही त्या गेममालिकेतली सर्वात आशादायक गोष्ट होती. टीव्ही मालिकेने ते बॉम्बच्या एका खड्ड्यात संपवलं, आणि तो खड्डाही लॉस एंजेलिसमध्ये आणून ठेवला, जे पहिल्या गेमच्या नकाशावर कितीतरी दक्षिणेला आहे. वर मालिकेतल्या एका फळ्यावर ‘शेडी सँड्सचं पतन, २२७७’. ‘न्यू वेगस’ या गेमची कथा २२८१ ची आणि त्यात एनसीआर धडधाकट. नंतर खुलासा आला की बॉम्ब न्यू वेगसनंतर पडला, २२७७ ही घसरणीची सुरुवात. खुलासा करायची वेळ यावी का? फळ्यावर दुसऱ्या बाणाखाली अजून एक साल लिहायला खडूच लागला असता.

निवडुंग

फळ्यावर सालानंतर बाण काढून पुढे स्फोटाचं चित्र आहे. नीट पाहिलं तर खुलाशाची गरज नव्हती. त्यापेक्षा घूलांना रानटी होऊ नये म्हणून औषधाच्या कुप्या लागतात, हे नवं घुसडलंय त्यावर बोला. गेममध्ये असलं काही नाही.

पाणकावळा

त्या कुप्यांमुळे घूलच्या प्रत्येक हालचालीला घाई आली. तेवढं मी चालवून घेतो. राजधानी बुडवलेली चालवून घेणार नाही.

रानवाट

पाणकावळा, फॉलआउटचा दाखला इथे लागू होत नाही. ‘लास्ट ऑफ अस’मध्ये नायक ठरलेला आहे आणि शेवटही एकच आहे. तिथे निवड काढून घेणं हाच घाव आहे.

अर्धविराम, कोट्यांच्या पुस्तकाचा मुद्दा बिनतोड आहे, तो घेतला. पण दुसऱ्या सीझनचं काय? पार्ट टूमध्ये अॅबी कोण हे माहीत नसताना तिला आपण चालवतो. बर्फात झुंड मागे लागते, जाळीचं कुंपण अंगावर कोसळतं, वरून संक्रमित, आणि जोएल हात देऊन ओढून काढतो. मग तिच्याच हातांनी आपण जोएलच्या खांद्याला खांदा लावून लढतो. थोड्या वेळाने तेच हात जोएलला मारायला गोल्फ क्लब उचलतात. तिचे वडील म्हणजे जोएलने मारलेला तो डॉक्टर, हे कळायला खेळ निम्म्यावर यावा लागतो. मालिकेने पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच, थडग्यांसमोर, तिच्या तोंडून सूडाचा हेतू वदवून घेतला.

अर्धविराम

कारण मालिकेत ती कुणाच्या हातात नसते. गेममध्ये तिला धावतं ठेवायची जबाबदारी तुमच्यावर येते, तेवढ्यावर तुम्ही तिच्या बाजूने होता. पडद्यावर अनोळखी मुलगी पळताना दिसली तर प्रेक्षक फक्त बघतो. त्यात सात भागांचा सीझन, निम्मी गोष्ट पुढच्या सीझनला. कारण लपवलं असतं तर प्रेक्षकाला ते कळायला वर्षं लागली असती, आणि तोवर इंटरनेटवर उघड झालंच असतं. गेममध्ये तेच अंतर काही तासांचं आहे.

जोएल आणि एलीच्या ओसरीवरच्या शेवटच्या बोलण्याबाबत मात्र तुमच्या बाजूने आहे, नाइलाजाने. गेममध्ये ते अगदी शेवटाकडे येतं, एली अॅबीला सोडून देते त्यानंतर, आणि म्हणून ती का थांबली हे कळतं. मालिकेने ते सहाव्या भागातच दाखवून टाकलं. आता तो क्षण येईल तेव्हा त्यांच्या हातात काय असेल, मला दिसत नाही.

रानवाट

तेच तर म्हणतोय. आणि ती चूक गेमप्लेला भरती समजल्यामुळेच झाली. ओसरी त्यांना नुसता एक कटसीन वाटली, कुठेही ठेवता येईल असा. तिच्याआधी समुद्रात गुडघाभर पाण्यात उभं राहून, इच्छा नसताना, अॅबीवर चाकू चालवायला स्क्वेअर बटण दाबावं लागतं, हे त्यांनी हिशेबातच धरलं नाही.

अर्धविराम

हिशेबात धरलं नाही हे तुम्ही गृहीत धरताय. सीझन सातच भागांचा केला, त्यातून ही ओढाताण झाली. ओसरीपुरतं मान्य, अॅबीच्या बाबतीत नाही.